गाडीचं ॲव्हरेज वाढवा, ओढही वाढवा: नवख्यांसाठी क्रमवार वाट

गाडीला थोडी वर्षं झाली की दोन तक्रारी बहुधा जोडीनेच येतात. "पूर्वीसारखी ओढत नाही" आणि "ॲव्हरेज पडलंय." उपाय मात्र लोक वेगवेगळे शोधतात. ओढ वाढावी म्हणून मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, ॲव्हरेज वाढावं म्हणून पेट्रोलच्या नळीला बांधायचं चुंबक. खरं म्हणजे दोन्ही एकाच भोकातून गळत असतात. जळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी जेमतेम पाव ते एक तृतीयांश हिस्सा इंजिनाकडून काम म्हणून मिळतो, बाकीचा रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे निघून जातो. त्या मिळालेल्या हिश्शातच अडकलेला ब्रेक, कमी हवेचे टायर आणि घासलेले प्लग वाटेकरी होतात. हे वाटेकरी काढले की गाडी कंपनीतून आली तेव्हा जेवढी ओढत होती आणि जेवढं ॲव्हरेज देत होती, त्याच्या जवळपास परत येते. त्यापलीकडची ताकद हा वेगळा विषय, तो शेवटी घेऊ.

हे सगळं लिहितोय ते टर्बो नसलेल्या, इंजेक्शनवाल्या साध्या पेट्रोल गाडीसाठी, पाच ते पंधरा वर्षं वयाच्या. डिझेलवाल्यांनी चाकांचा आणि चालवण्याचा भाग तसाच घ्यावा.

आधी मोजा, मग पाना उचला

डॅशबोर्डवर दिसणारं ॲव्हरेज हा गाडीचा स्वतःबद्दलचा अंदाज असतो आणि माणसांसारखाच तो जरा फुगवलेला निघतो. टाकी ते टाकी मोजा. नेहमीच्या पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर टाकी भरा. नोझल पहिल्यांदा 'टक' करून आपोआप बंद पडलं की थांबा. "राउंड फिगर करू का?" असं विचारलं जाईलच. त्याला नको म्हणा, कारण त्या दोन-चार दाबांत पाऊण लिटर सहज जातं आणि हिशोब बिघडतो. ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुढच्या वेळी तसंच भरा. समजा ४१२ किलोमीटर झाले आणि २७.६ लिटर बसलं, तर ४१२ भागिले २७.६, म्हणजे १४.९. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, तीन टाक्यांची सरासरी धरा.

हा आकडा जाहिरातीतल्या आकड्याशी ताडून रडत बसू नका. तो आकडा रस्त्यावरचा नसतो. प्रयोगशाळेत रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगांच्या तक्त्याप्रमाणे, एसी बंद ठेवून गाडी चालवतात, त्यातून तो येतो. हडपसरचा सिग्नल त्या तक्त्यात नाही. कागदावर २१ असलेली गाडी शहरात १५ देत असेल तर ती बहुतेक निरोगीच आहे.

आणखी एक गोष्ट हिशोबात धरा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत या मिश्रणाच्या लिटरमध्ये सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी. पंधरा देणाऱ्या गाडीचं ॲव्हरेज जवळपास एक किलोमीटरने उतरलं तर त्यात मेकॅनिकचा दोष नाही आणि तुमचाही नाही.

ओढही मोजता येते. मोकळा, सपाट, सरळ रस्ता शोधा. एसी बंद, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, वेग ३०. तिथून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ६० व्हायला किती सेकंद लागतात ते शेजारच्या माणसाला मोबाइलवर मोजायला सांगा. मग त्याच रस्त्याने उलट दिशेने पुन्हा, म्हणजे वारा आणि न दिसणारा उतार कटतो. आकडे वहीत लिहा. पुढे जे काही बदलाल ते एका वेळी एकच बदला, नाहीतर गुण कशाने आला ते कधीच कळणार नाही.

चाकं मोकळी फिरतात का?

इंजिनाला हात लावण्याआधी चाकांपाशी बसा. नवखे लोक इथेच चुकतात, मीही चुकलो होतो. माझी दहा वर्षांची हॅचबॅक बारावर आली होती आणि खंबाटकीच्या चढावर दुसरा गिअर मागायला लागली होती. एका गॅरेजात प्लग बदलले, इंजेक्टर धुतले, वर फ्युएल पंपाचा सल्लाही मिळाला. पंप मी टाकला नाही तो पैसे नव्हते म्हणून, अक्कल होती म्हणून नाही. पुढच्या आठवड्यात पंक्चर काढणारा पोरगा पुढच्या डाव्या चाकाचे नट सोडवताना म्हणाला, "काका, हे चाक तापलंय." डिस्क ब्रेकच्या कॅलिपरची (पॅड दाबणाऱ्या पकडीची) पिन गंजून बसली होती. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला चिकटलेलाच, म्हणजे महिनोन्‌महिने मी एक ब्रेक दाबून गाडी चालवत होतो. पिन काढून पॉलिश पेपरने घासली, ब्रेकचं खास ग्रीस लावलं, रबरी बूट नवा घातला. खर्च चारशेच्या आत.

तपासायची रीत अशी. आठ-दहा किलोमीटर चालवा, शेवटचा किलोमीटरभर ब्रेक कमीत कमी वापरा. उतरून चारही रिमजवळ हाताची मागची बाजू न्या, लगेच टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर चोर सापडला. मागच्या ड्रमला हीच गोष्ट हँडब्रेकच्या ताणलेल्या केबलमुळे होते. जॅक लावून चाक हाताने फिरवूनही कळतं. पॅडचा हलका 'स्स' आवाज चालेल, पण हात काढताच चाक जागच्या जागी थांबत असेल तर नाही. जॅक फक्त सपाट जमिनीवर लावा, बाकीच्या चाकांना दगड लावा आणि गाडीखाली शिरू नका.

मग हवा. योग्य दाब ड्रायव्हरच्या दारापाशी, खांबावरच्या स्टिकरवर छापलेला असतो. तो थंड टायरचा आकडा आहे. दहा किलोमीटर चालवून पंपावर गेलात तर टायर तापून दाब तीन-चार पीएसआयने चढलेला असतो आणि हवावाला तुमच्या डोळ्यांदेखत हवा सोडतो. म्हणून सकाळी, घराजवळच्या पंपावर. शंभर-दीडशे रुपयांचा स्वतःचा गेज घेतलात तर आणखी बरं. "नायट्रोजन भरू का?" हे दुसरं नेहमीचं विचारणं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट देत असतील तर घ्या.

अलाइनमेंट वर्षातून एकदा करा, आणि मोठ्या खड्ड्यात आपटली तर लगेच. टायरच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेवरून बोट फिरवा. करवतीच्या दात्यांसारखं खरखरीत लागलं तर चाकं रस्त्यावर सरळ फिरत नाहीत, घासत चाललीत.

श्वास आणि ठिणगी

एअर फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढतं, हे वाक्य कार्बोरेटरच्या काळातलं आहे. तेव्हा ते खरंच होतं, कारण हवा कमी पडली तरी पेट्रोल तेवढंच यायचं. आजच्या गाडीत सेन्सर आत आलेली हवा मोजतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्या हिशोबाने पेट्रोल सोडतो. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली हे तपासलं. इंजेक्शनवाल्या गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरने इंधनाच्या खपात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, गाडीचा जोर मात्र कमी झाला. तेव्हा फिल्टर बदला तो ओढीसाठी. धुळीच्या रस्त्यावर रोज जाणं असेल तर पुस्तकात दिलेल्या अंतराच्या निम्म्यावरच बदला. कॉम्प्रेसरच्या हवेने झाडून पुन्हा बसवण्याची पद्धत आपल्याकडे आहे, पण जोराच्या झोताने कागदाला बारीक भोकं पडतात आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. अडीचशे रुपयांच्या फिल्टरसाठी पिस्टन रिंग पणाला लावू नका.

इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीच्या झडपेवर तेलकट काजळी साचते. लक्षण म्हणजे सिग्नलला आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) खालीवर होणं, एसी लावताच गाडी दचकणं. क्लीनरचा स्प्रे आणि मऊ कापड एवढ्यावर काम होतं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर झडप बोटाने ढकलू नका आणि साफ केल्यावर स्कॅनरने तिची शून्य जागा पुन्हा शिकवून घ्या.

प्लग स्वतः काढून बघा. इंजिन पूर्ण गार हवं. प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर जळण नीट आहे. कोरडी काळी भुकटी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ओलसर तेलकट काळा म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल येतंय, पांढराफटक आणि फोडासारखा म्हणजे इंजिन जास्त तापतंय. हे चार रंग ओळखता आले तरी गॅरेजात तुमच्याशी बोलण्याची तऱ्हा बदलते. नवे प्लग घेताना पुस्तकातला नंबर आणि गॅप सोडून इकडेतिकडे जाऊ नका. इरिडियम प्लग टिकतात जास्त, पण तुमच्या गाडीला साधे दिलेले असतील तर इरिडियमने घोड्यांची (हॉर्सपॉवरची) भर पडत नाही.

ऑइलही पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच. "जुनी झाली, जाड घाला" हा सल्ला सर्रास मिळतो. ज्या इंजिनाला पातळ ०डब्ल्यू-२० सांगितलंय त्यात जाड २०डब्ल्यू-५० घातलं तर पंपापासून पिस्टनपर्यंत सगळं चिखलातून चालल्यासारखं होतं. ऑइल पिणाऱ्या इंजिनाची गोष्ट निराळी, तिथे मेकॅनिकशी बोला.

आठशे रुपयांचा जासूस

ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं उपकरण) आता हजाराच्या आतबाहेर मिळतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायचा, मोबाइलवर ॲप उघडायचं. फॉल्ट कोड सगळेच बघतात. खरी माहिती असते 'फ्युएल ट्रिम' नावाच्या आकड्यात, आणि तिकडे फार कमी लोक बघतात.

ईसीयूकडे पेट्रोल किती सोडायचं याचा एक ठरलेला तक्ता असतो. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर सांगतो की हवा उरतेय की पेट्रोल, आणि ईसीयू तक्त्यात टक्क्यांनी भर घालतो किंवा काट मारतो. ती भर-काट म्हणजे ट्रिम. इंजिन गरम झाल्यावर लाँग टर्म ट्रिम, म्हणजे दीर्घकाळ टिकलेली भर-काट, बघा. शून्याच्या आसपास, उणे-अधिक दहाच्या आत असेल तर ठीक. जुन्या गाडीत इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळे अधिक पाच-सात दिसू शकतं, कारण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते आणि तेवढ्याच हवेला ईसीयूला मिश्रण जास्त सोडावं लागतं. ते बिघाडाचं लक्षण नाही.

आता समजा उभ्या गाडीत अधिक १८ दिसतंय आणि रेस देऊन २५०० आरपीएमवर धरली की ते अधिक ४ वर येतंय. याचा अर्थ कुठली तरी व्हॅक्यूमची नळी चिरली आहे. मंद चालताना त्या चिरेतली चोरटी हवा मोठी वाटते, रेस वाढली की एकूण हवेत ती हरवते. उलट उभ्याने ठीक आणि जोर लावला की ट्रिम चढत जाते, तर पेट्रोल पुरत नाही किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलाय. ट्रिम उणे पंधरा-वीस असेल तर पेट्रोल जास्त जातंय, गळका इंजेक्टर बघा. तीस रुपयांची नळी असताना फ्युएल पंप विकला जाऊ नये, यासाठी एवढं ज्ञान पुरतं.

त्याच ॲपवर कूलंटचं तापमान बघा. दहा-पंधरा मिनिटांत ते ८५ ते ९५च्या दरम्यान स्थिरावायला हवं. सत्तरच्या पुढे सरकतच नसेल तर थर्मोस्टॅट (कूलंट अडवून इंजिन लवकर तापू देणारी झडप) उघडा अडकलाय, किंवा कुणीतरी तो काढूनच टाकलाय. "आपल्याकडच्या उन्हात थर्मोस्टॅट लागत नाही" असं म्हणणारे मेकॅनिक मी पाहिलेत. इंजिन गारठलेलं राहिलं की ईसीयू समजतो अजून सकाळच आहे आणि जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो.

कोड बघायचाच तर पी ०४२० दिसतो का बघा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा डबा) थकल्याची ती खूण. तो आतून वितळून तुंबला की गाडी खालच्या रेसमध्ये बरी चालते आणि वर गेली की उशी तोंडावर दाबल्यासारखी घुसमटते. बहुतेक वेळा मूळ कारण मिसिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं, असतं; न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. म्हणून मिसिंग महिनाभर अंगावर काढू नका.

हे सगळं नीट असून गाडी ओढत नसेल, तर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजणं. चार सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा फार खाली असेल, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगा गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. सीएनजीवर खूप चाललेल्या गाड्यांत बहुधा व्हॉल्व्हच.

उजवा पाय

हळूहळू, चोरपावलांनी वेग वाढवला की पेट्रोल वाचतं असं वाटतं. पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे. ॲक्सिलरेटर किंचित दाबलेला असतो तेव्हा थ्रॉटलची झडप जवळपास बंद असते आणि पिस्टनला त्या फटीतून हवा ओढावी लागते. नाक दाबून श्वास घेतल्यासारखं. म्हणून पाय अर्ध्यापर्यंत खंबीरपणे दाबा, दोन-अडीच हजार आरपीएमला वरचा गिअर टाका आणि हव्या त्या वेगाला लवकर पोचून स्थिर व्हा. पण चौथ्या-पाचव्यात इंजिन गुरगुरायला लागलं, बॉडी थरथरली, तर खालचा गिअर घ्या. चढावर हजार-बाराशे आरपीएमला रेटण्यात बचत नाही, बेअरिंगचं नुकसान आहे.

उतारावर न्यूट्रल मारायची सवय असेल तर आजपासून सोडा. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्शनवाली गाडी पेट्रोल पूर्ण बंद करते, चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणजे न्यूट्रलवाला जास्त पेट्रोल जाळतो, वर सगळा भार ब्रेकवर टाकतो, आणि घाटात तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात. उतारावर इंजिन बंद करणं तर त्याहून घातक, कारण ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो.

वेग ८०वरून १०० केला की हवेचा विरोध ५६ टक्क्यांनी वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाने चढतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या सुमारे ९५ किलोमीटरमध्ये त्यातून वाचणार फार तर पाव तास. टपावरचा रिकामा कॅरिअर काढून ठेवा, डिकीतलं गावचं तांदळाचं पोतंही उतरवा. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद.

आणि जास्तीची ताकद?

कंपनीने दिली त्याहून जास्त ताकद आणि शिवाय जास्त ॲव्हरेज, दोन्ही एकदम शक्य आहे का? आहे, आणि उदाहरण आपल्या रस्त्यावरच फिरतंय. २०२१ साली स्विफ्टचं १.२ लिटरचं इंजिन बदललं. ताकद ८३ पीएसवरून (पीएस हे हॉर्सपॉवरसारखंच माप) ९० झाली आणि मॅन्युअल गाडीचं प्रमाणित ॲव्हरेज २१.२१ वरून २३.२०. कशाने? दर सिलिंडरला दोन इंजेक्टर, वाढवलेलं कॉम्प्रेशन, थंड करून परत फिरवलेला एक्झॉस्ट, सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन. कॉम्प्रेशन जास्त म्हणजे त्याच थेंबातून काम जास्त, पण नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) होऊ नये म्हणून बाकी सगळं नव्याने बेतावं लागतं. ही कारखान्यातली कामं आहेत. गॅरेजात बोल्ट उघडून होत नाहीत.

गॅरेजात जे होतं ते असं. उघडा कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर) बॉनेटखालची गरम हवा ओढतो, आवाज वाढतो आणि उन्हाळ्यात ओढ उलट घटते. रुंद टायरने पकड येते, पण फिरवायला जड. त्यातून टायरचा घेर वाढला तर ओडोमीटरच कमी मोजतो, त्यामुळे ॲव्हरेजचा आकडाही खोटा. जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल त्याच इंजिनाला उपयोगी, ज्याला ते मागितलेलं आहे. चुंबकं, गोळ्या, चार्जरच्या सॉकेटमध्ये खोचायचे डबे, पाण्यापासून हायड्रोजन काढणाऱ्या बाटल्या: अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभराहून जास्त उपकरणं तपासली आणि एकानेही लक्षणीय बचत दाखवली नाही. हायड्रोजनच्या बाटलीला वीज अल्टरनेटर देतो, अल्टरनेटरला इंजिन फिरवतं, इंजिनाला पेट्रोल लागतं. हिशोब तिथेच संपतो.

ईसीयू रिमॅप, म्हणजे ईसीयूमधला तक्ता बदलणं, हा एकच प्रकार खरोखर काम करतो, पण टर्बोवाल्या गाडीत. साध्या पेट्रोलमध्ये पाच-सात टक्के मिळाले तरी खूप, खर्च मात्र हजारोंत आणि वॉरंटी गेली. कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. सीएनजी किटसारखे मान्यताप्राप्त बदल चालतात, पण आरसीवर नोंद करून आणि विमा कंपनीला कळवून. नोंद नसलेल्या बदलावरून अपघातानंतर क्लेम अडतो.

तेव्हा सगळं तपासून, दुरुस्त करून, तीन टाक्या मोजूनही गाडी तुम्हाला अपुरीच पडत असेल तर पुढची गाडी ताकदवान बघा. मात्र टेस्ट ड्राइव्हला सेल्समन नेईल त्या सपाट रस्त्याने जाऊ नका. घरची चार माणसं बसवा, एसी लावा आणि जवळच्या चढावर चला.